मुलांना आपल्या माणसांसाठी कविता लिहायला मदत करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

तिसरे गेट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज मदत हवी म्हणून लिहितेय.

माझी लेक चौथीत आहे, इंग्रजी माध्यमात. माझ्या सासूबाईंना पुढच्या रविवारी पंचाहत्तर पूर्ण होतात. त्यांचं सगळं आयुष्य बेळगावच्या वडगावात मागाच्या आवाजात गेलं. कांड्या भरल्या, साड्यांच्या घड्या घातल्या, चार मुलं वाढवली. त्या खटखटाटानंच कान गेले. आता आमच्याकडे टिळकवाडीत असतात, जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

गेल्या आठवड्यात लेक स्वतःहून म्हणाली, "मी आज्जीला वाढदिवसाला कविता देणार." मला इतका आनंद झाला की रात्री बसून मीच बारा ओळी लिहून काढल्या. आज्जी म्हणजे मायेची सावली, आज्जी म्हणजे देवघरातली समई, असं बरंच काही. सकाळी तिच्या हातात दिलं. तिनं पूर्ण वाचलं आणि कागद परत दिला. म्हणाली, "मम्मी, छान आहे. पण ही तू लिहिलीस. आणि आज्जी देवघरात कुठं बसते? ती गॅलरीत बसते."

तेव्हापासून कागद फ्रिजवर पडून आहे आणि मला काही सुचत नाही. यमक जुळवून द्यायचं का? शब्द पुरवायचे का? की काहीच करायचं नाही? बोलते ती छान मराठी, पण लिहायला अडखळते. हिंदी यंदाच सुरू झालंय म्हणून देवनागरी तेवढी ओळखीची झाली आहे. आणि मोठी अडचण म्हणजे आज्जींना ऐकूच येत नाही, तर कविता म्हणून दाखवणार कशी?

बासमती
"आज्जी गॅलरीत बसते" ही ओळ आधी कागदावर उतरवून घ्या. कविता सुरू झाली आहे.

सरोज मास्तरीण
बासमती यांना अनुमोदन.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत एकतीस वर्षं शिकवलं. दरवर्षी एक तास मी मुलांना घरच्या कुणासाठी तरी कविता लिहायला सांगायचे. पहिली काही वर्षं सगळ्या वह्या सारख्याच यायच्या. आई प्रेमळ, बाबा कष्टाळू, आज्जी मायाळू. कुणाचीही वही कुणालाही दिली असती तरी चाललं असतं. चूक मुलांची नव्हती. मीच फळ्यावर "आईबद्दल चार ओळी" असं लिहून खुर्चीत बसत होते.

मग मी पद्धत बदलली. वही बंद करायला सांगून नुसतं विचारायचं. ती आत्ता या वेळी काय करत असेल? तिच्या हाताला कसला वास येतो? ती रागावली आहे हे ती न बोलता तुला कसं कळतं? तुझ्यासाठी तिनं काय केलं, जे तिनं कुणाला सांगितलं नाही? या शेवटच्या प्रश्नाला वर्ग एकदम गप्प व्हायचा. तो गप्पपणा मोडायचा नाही. पोरं तेव्हा खरंच आठवत असतात.

जांबोटीकडचा एक मुलगा होता, वर्गात तोंड न उघडणारा. त्यानं दोनच ओळी लिहिल्या:

पावसात बाबा इरलं मला देतात
आणि घर येईपर्यंत गाणं म्हणतात.

मी विचारलं, "गाणं का रे?" म्हणाला, "त्यांना थंडी वाजूलाल्या (वाजतेय) हे मला कळू नये म्हणून." तो पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना त्या इरल्याची, पानांच्या त्या पावसाळी आच्छादनाची, किंमत कळेल. मी त्याला तिसरी ओळ लिहायला लावली नाही.

तेव्हा तिसरे गेट, तुमचं काम विचारायचं. शब्द तिच्याकडे आहेत. विशेषण आलं की थांबवा आणि विचारा, "प्रेमळ म्हणजे काय करते?" तिथून क्रियापद निघेल आणि क्रियापदातून माणूस दिसेल.

तिसरे गेट
सरोजताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजच विचारते.

निपाणीकर
मास्तरीणबाईंचं पटलं, पण एक भर घालतो. काही पोरांना मोकळं सोडलं की ती गोंधळतात, त्यांना धरायला कठडा लागतो. अशांसाठी आपला अभंग फार उपयोगी. मोठ्या अभंगात चार चरण: सहा अक्षरं, सहा अक्षरं, सहा अक्षरं आणि शेवटी चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच मोजायचं. बोटं मोजत बसायला पोरांना फार आवडतं, खेळच होतो तो.

आमच्या गल्लीत घराघरांत विड्या वळतात. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, जर्दा भरून वळायची आणि दोरा बांधायचा. हजार विड्यांवर मजुरी. माझी पुतणी पाचवीत असताना तिनं आज्जीवर लिहिलं:

आज्जीच्या हाताला
तंबाखूचा वास
तरी गोड घास
मला देते

बोटं तिची काळी
पानं कापताना
वेणी घालताना
मऊ मऊ

मी फक्त मोजायला शिकवलं होतं. बाकी सगळं तिचं.

पुढची गोष्ट मात्र अजून सलते. शाळेच्या कार्यक्रमात म्हणायची ठरली, तर तिथल्या बाईंनी "तंबाखूचा वास" काढून "चंदनाचा वास" केलं. लहान मुलीच्या तोंडी तंबाखू बरं दिसत नाही म्हणे. पोरगी मंचावर उभी राहिली आणि पहिल्याच कडव्याला अडली. आज्जी पहिल्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर पोरीनं तिला मूळची म्हणून दाखवली. आज्जी आपले हात उलटेपालटे करून बघत बसली. मग म्हणाली, "वास येतोय व्हय गं अजून? साबण लावला की मी."

काकती नाका
चंदनाचा वास केल्यावर "तरी" या शब्दाला काय अर्थ उरला? चंदनाचा वास आणि "तरी" गोड घास? सगळी कविता त्या एका "तरी"वर उभी आहे हो.

निपाणीकर
अगदी हेच. पुतणी नेमकी त्या "तरी"लाच अडली होती.

सरोज मास्तरीण
त्या बाईंच्या जागी मीही असले असते तर तिशीत कदाचित तेच केलं असतं. कार्यक्रम, पाहुणे, वरचे साहेब, सगळ्यांची भीती असते. पण त्या मुलीनं आज्जीचा धंदा लपवला नाही, हीच तर तिची माया.

हिरण्यकेशी
थोडं वेगळं मत मांडतो. कविता कशाला? संकेश्वरला आमच्या घरी आज्जा अंथरुणाला खिळून होता, तेव्हा आम्ही भावंडं पाळीनं त्याचे पाय चेपायचो. त्याला पाणी देणं, त्याच्याजवळ बसणं, हेच आमचं प्रेम. आता मुलं एक कागद रंगवतात, आईबाप त्याचा फोटो काढून स्टेटसला लावतात आणि आज्जा तिकडे आतल्या खोलीत एकटाच. कविता लिहून प्रेम दाखवलं असं मुलाला वाटायला लागलं तर ते वाईट. हे मनापासून लिहितोय, कुणाला दुखवायचं नाही.

बासमती
हिरण्यकेशी, फोटोबद्दल शंभर टक्के सहमत. ज्याच्यासाठी लिहिली त्याच्या आधी जगानं वाचू नये.

मलप्रभेकाठी
पण पाय चेपणं आणि कविता हे एकमेकांच्या आड कुठं येतं? पाय चेपताना तुम्ही आज्जाच्या टाचांच्या भेगा बघितल्या असतीलच. त्या ज्यानं बघितल्या तोच लिहू शकतो.

हिरण्यकेशी
होय, बघितल्या होत्या. डाव्या टाचेत खोल भेग होती, त्यात मेण भरायचो. इतक्या वर्षांत हे कुणाला बोललो नव्हतो.

मलप्रभेकाठी
बघा.

फौजी खानापूर
मी लिहिण्यातला माणूस नाही. बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये भरती झालो, बावीस वर्षं नोकरी करून आता घरी शेती बघतो. धागा बघून एक कागद काढून आणला, तो इथं उतरवतो. मुलगी तिसरीत असताना तिनं पाठवलेला. मी तेव्हा वर बर्फात होतो.

बाबा फोनवर म्हणतात
इथं खूप थंडी आहे.
मी म्हणते
इथं पण खूप थंडी आहे.
आई हसते.
इथं पंखा चालू आहे.

कागद आमच्या बराकीत सगळ्यांनी वाचला. एक तमिळ जवान होता, त्याला हिंदीत सांगितलं. तोही हसला आणि मग बराच वेळ बोलला नाही. पाकिटात ठेवून ठेवून घडीवर फाटलाय, मागून चिकटपट्टी लावली आहे. मुलगी आता नर्सिंग करते. तिला कुणी मदत केली होती का हे मी काल तिच्या आईला विचारलं. ती म्हणाली, "मी फक्त पाकिटावर पत्ता लिहिला."

काकती नाका
फौजीदादा, नमस्कार घ्या. मी बँकेत बसून वाचलं आणि काउंटरवरच्या माणसानं विचारलं, काय झालं हो?

निपाणीकर
"इथं पंखा चालू आहे." किती लहान पोर, आणि बापाला एकटं वाटू नये म्हणून थंडी वाटून घेते.

सुनंदा वडगाव
भाषेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा घरी आपली बेळगावी बोलतो. त्यानं लिहिलं होतं:

आई भाकरी थापूलाल्या
मी मोजूलालोय
सगळ्यांच्या झाल्या
तिची राहिल्या

(राहिल्या म्हणजे "राहिली आहे". बाहेरच्या वाचकांसाठी.)

शिकवणीच्या सरांनी लाल पेन घेतलं आणि "आई भाकरी थापत आहे, मी मोजत आहे" असं केलं. शुद्ध झालं खरं, पण तालच गेला. आमच्या बोलीतलं "झाल्या" आणि "राहिल्या" कसं आपोआप जुळलं होतं! मी त्याला सांगितलं, परीक्षेत "थापत आहे" लिही आणि मला देताना "थापूलाल्या"च लिही. त्या दिवसापासून ताटं वाढताना तो आधी माझी भाकरी बाजूला काढून ठेवतो, झाकून.

तिसरे गेट
सुनंदाताई, म्हणजे शुद्धलेखन अजिबात बघायचं नाही का? माझी "आज्जी"ला "आजि" लिहिते.

सुनंदा वडगाव
लिहून होईपर्यंत बघायचं नाही. सगळं झालं की तिलाच विचारा, "आज्जीला वाचताना कुठं अडेल?" ती स्वतः शोधते. वाचणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून दुरुस्त करणं वेगळं आणि चुकलं म्हणून लाल रेघ मारणं वेगळं.

अनगोळचा पोऱ्या
आमच्या शेजारी एक कानडी अव्वा राहतात. माझ्या धाकट्या भावानं त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा तो दुसरीत होता. त्या रोज संध्याकाळी त्याला "ऊटा आतेनु?" म्हणजे जेवलास का, असं विचारतात. झालं म्हणायचं तर "आत्".

अव्वा विचारते, ऊटा आतेनु?
मी म्हणतो, आत्.
आमच्या मराठीत आत म्हणजे घरात.
म्हणून मी आत जातो
आणि परत जेवतो.

आम्ही घरात पोट धरून हसलो. पण अव्वांना मराठी वाचता येत नाही. मग आमच्या ताईनं तेच कानडी लिपीत लिहून दिलं, खाली अर्थ. अव्वांनी जोंधळ्याची रोट्टी आणि एण्णगाई (भरली वांगी) करून डबा पाठवला. आता गल्लीत सगळे त्याला "आत्" म्हणूनच हाक मारतात.

बासमती
वा, वा! असा श्लेष मोठ्यांना सुचायचा नाही. दोन भाषांच्या उंबऱ्यावर वाढलेल्या पोरालाच सुचणार.

काळीनदी
कानडीतसुद्धा जात्यावरची गाणी आहेत, तीन ओळींची, त्रिपदी म्हणतात. सर्वज्ञ या जुन्या कानडी कवीची वचनं त्याच छंदात. लहान मुलांना तीन ओळी फार सोयीच्या, दमछाक होत नाही. आपल्या ओवीसारखंच, बायकांनी दळता दळता माहेरच्या माणसांची आठवण काढायची.

आणि धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे आठवले. जन्म १८९६, घरची भाषा मराठी, लिहिलं मुख्यतः कानडीत, १९७३चं ज्ञानपीठ. त्यांनी कवी म्हणून नाव कोणतं घेतलं? अंबिकातनयदत्त. अंबिकेचा मुलगा दत्त. आयुष्यभर प्रत्येक कवितेखाली आईचं नाव. आईला द्यायची याहून मोठी भेट मला तरी माहीत नाही.

रविवारपेठ
हे सगळं ठीक आहे, पण मराठी शाळांची जी अवस्था झाली आहे त्यावर कुणी बोलणार का? १९५६ पासून आपण

संपादक मंडळ
रविवारपेठ, तुमचा प्रतिसाद तुमच्या परवानगीनं सीमाप्रश्नाच्या धाग्यावर हलवला आहे. तिथं सविस्तर लिहा. या धाग्यावर आज्जीची कविता पूर्ण होऊ द्या.

रविवारपेठ
मान्य आहे. मात्र एक सांगतो. माझ्या नातवाला मराठी लिहिता येत नाही. तो पुण्यात आहे आणि त्याला वेळ नाही. या धाग्यातल्या कविता वाचताना मला तेच डाचत होतं, म्हणून तसं लिहिलं गेलं.

सरोज मास्तरीण
रविवारपेठ, नातवाला तुम्ही लिहा. चार ओळी, मोठ्या अक्षरात, पोस्टानं पाठवा. पहिली कविता मोठ्यांकडून मिळाली की मुलं उत्तर देतात. अनुभवानं सांगते.

रविवारपेठ
मला जमेल?

सरोज मास्तरीण
तो लहान असताना तुमच्याकडे आला की तुम्ही त्याला कुठं न्यायचा?

रविवारपेठ
किल्ल्याच्या तलावावर. खांद्यावर बसवून. माझे केस धरायचा.

सरोज मास्तरीण
हेच लिहा. आता त्या डोक्यावर केस किती आहेत तेही लिहा.

मलप्रभेकाठी
एक अवघड प्रश्न विचारते. माझ्या मुलानं त्याच्या पप्पांवर लिहिलं:

पप्पा हो म्हणतात
मोबाइल बघत बघत.
मी म्हटलं घराला आग लागली
तरी पप्पा हो म्हणाले.

मला हसावं की रडावं कळेना. हे काही गोड नाही. नवऱ्याला दाखवावं का? दोन रात्री कागद उशीखाली ठेवला.

काकती नाका
दाखवा. पण मुलाला आधी विचारा. कविता त्याची आहे.

हिरण्यकेशी
माझ्या मते ही या धाग्यातली सर्वांत मायेची कविता आहे. पोरगं पप्पांच्या जवळ जायला बघतंय. दार वाजवण्यासारखंच आहे हे.

मलप्रभेकाठी
मुलाला विचारलं. तो म्हणाला, "दाखव, पण मी झोपल्यावर." दाखवली. हे काही बोलले नाहीत. सकाळी त्याच्या दप्तरात चिठ्ठी होती: "आग विझवली. संध्याकाळी पतंग उडवायला जाऊ." संध्याकाळी गेलेही दोघं, वॅक्सिन डेपोच्या माळावर.

बासमती
पप्पाही कवीच निघाले की!

जुनी शहापूरकर
वय झालं, टाइप करायला वेळ लागतो, तरी लिहिते. इंदिरा संत आपल्या बेळगावच्या, १९८४ साली साहित्य अकादमी मिळालं. त्या शिक्षिका घडवायच्या कॉलेजात होत्या. त्यांची कविता मला नेहमी जवळची वाटली, कारण तिच्यात आपल्या घरातल्या, परसातल्या वस्तू असतात. मोठं काही सांगायला मोठ्या वस्तू लागत नाहीत. मुलांना हे उपजत कळतं, आपणच त्यांच्या हातून भाकरी काढून समई देतो.

आणि यमकाचं विचारलंत म्हणून. आमच्या आईच्या पिढीत "पहिली माझी ओवी" म्हणून सुरुवात करायची पद्धत होती. पहिली देवाला, दुसरी आईबापाला, मग भावाला, अशी एकेकाला ओवी वाहत जायची. नातींना मी हाच खेळ शिकवला. संक्रांतीला तिळगुळाच्या पुडीत एकेक ओवी घालायची. घरच्यांना झाल्यावर पेपरवाल्याला, भांडीवाल्या मावशीला, बसच्या कंडक्टरला. धाकटीनं मावशीला लिहिलं:

चौथी माझी ओवी
मावशीच्या बांगड्यांना
भांडी घासताना
त्या काढून ठेवते.

आणि खाली: "मावशी, त्या मी घालून बघते. मोडत नाही." मावशीला वाचता येत नव्हतं, नातीनंच वाचून दाखवलं. त्यावर मावशी म्हणाली, "मला ठाव हाय." यमक दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत आपसूक आलंय, शेवटी नाही. नसलं तरी अडलं नसतं.

फौजी खानापूर
आज्जी, नमस्कार. आमच्या घरी या संक्रांतीला हे करणार.

निपाणीकर
तिसरे गेट, रविवार होऊन गेला. काय झालं आज्जींचं?

तिसरे गेट
सांगते, सगळं सांगते. घरात पाहुणे होते म्हणून उशीर झाला.

सरोजताईंनी सांगितल्याप्रमाणे त्या रात्री वही बंद करून बसलो. मी विचारलं, आज्जी असं काय करते जे घरात दुसरं कुणी करत नाही? ती म्हणाली, "मी शाळेतून आले की बेल वाजवायच्या आधीच दार उघडते." मी म्हटलं, अगं, आज्जीला तर ऐकू येत नाही. ती म्हणाली, "तेच ना. मला पण माहीत नाही कसं." मी सांगणार होते की वेळ ठरलेली असते म्हणून. पण तुमचं सगळ्यांचं वाचलेलं आठवलं आणि गप्प बसले. म्हटलं, आज्जीलाच विचार.

ती पाटी घेऊन गॅलरीत गेली. पाटीवर लिहून विचारलं. आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, पायाकडे बोट दाखवलं. माग चालायचा तेव्हा जमीन पायाला कळायची, धागा तुटला की हादरा बदलायचा आणि त्या न बघता उठायच्या. आता जिना पायाला कळतो. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नव्हतं.

मग तिनं लिहिली. मी एकही शब्द सुचवला नाही. "फरशी" कसं लिहायचं एवढं विचारलं, ते सांगितलं.

आज्जी गॅलरीत बसते.
तिला बेल ऐकू येत नाही
कुकर ऐकू येत नाही
मी पण ऐकू येत नाही.
पण मी जिना चढते तेव्हा
फरशी तिच्या पायाला सांगते.
मग ती दार उघडते.
मी आता हळू चढत नाही
धाड धाड चढते.
मम्मी ओरडते.
मी आज्जीला हाक मारत असते.

शेवटची ओळ वाचली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. महिनाभर मी तिला जिन्यात पाय आपटते म्हणून रागावत होते.

म्हणून दाखवायचा प्रश्न तिनंच सोडवला. साडीच्या खोक्याचं झाकण घेतलं, आतली पांढरी बाजू, जाड स्केचपेन, एकेक अक्षर बोटभर. ओळ वर जायला लागली तेव्हा आत्तींनीच जुनी फूटपट्टी आणून दिली, कशासाठी ते माहीत नसताना. रविवारी कुंद्याचा, आपल्या बेळगावी मिठाईचा, घास भरवून झाल्यावर तिनं झाकण मांडीवर ठेवलं. आत्तींनी चष्मा लावला आणि अक्षराखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून त्या फार मोठ्यानं वाचतात, सगळं घर थांबलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. पुन्हा वरून वाचलं. मग लेकीकडे बघून पहिलं वाक्य म्हणाल्या, "अगं पण पडशील की!"

झाकण आता गॅलरीत त्यांच्या खुर्चीच्या पाठीला उभं आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंना एक प्रत दिली, त्यांना धाड धाड सोसावं लागतं म्हणून. त्यांनी निरोप पाठवला, चढू दे.

सुनंदा वडगाव
आमच्या वडगावच्या मागाचं असं काही कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. माझ्या आईलाही असंच पायाला कळायचं. आज विचारते तिला.

काकती नाका
"फरशी तिच्या पायाला सांगते." लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या.

हिरण्यकेशी
आज्जा जाऊन तीस वर्षं झाली. काल रात्री टाचेवर आठ ओळी लिहिल्या. मुलाला वाचून दाखवल्या. त्यानं मेण म्हणजे कसलं मेण, कुठून आणायचा, गरम करायचा का, असं सगळं विचारलं.

रविवारपेठ
पत्र पोस्टात टाकलं. स्पीड पोस्टानं.

सरोज मास्तरीण
तिसरे गेट, एक राहिलं. तुमच्या त्या फ्रिजवरच्या बारा ओळींचं काय केलंत? आज्जी तुमच्या सासूबाई आहेत. सुनेनं लिहिलेली कविता त्यांना कधी मिळाली असेल असं वाटत नाही.

तिसरे गेट
काल दिली. देवघर खोडून गॅलरी केलं.